गुलाबाचे अत्तर: शोध कोणाचा, नाव कोणाचे?

१/ गुलाबाचे अत्तर नूरजहानने शोधले, असे आपण वारंवार वाचतो. खुद्द जहांगीर मात्र आपल्या आत्मचरित्रात हे श्रेय तिच्या आईला, अस्मत बेगमला देतो.

२/ हकिकत त्याच्या कारकिर्दीच्या (१६०५-१६२७) पहिल्या काही वर्षांतली. ताटांत ओतलेल्या गरम गुलाबजलावर तेलकट साय धरलेली बेगमेने पाहिली आणि ती थोडी थोडी करून जमवली. तळहातावर एक थेंब चोळला तरी सारी मजलिस दरवळे, असे बादशहा लिहितो. तिला त्याने मोत्यांचा हार दिला. सलीमा सुलतान बेगमेने नाव ठेवले ‘इत्र-इ-जहांगिरी’. शोध बाईचा, नाव बादशहाचे!

३/ कनौजची रीत याहून निराळी. तांब्याच्या देगेत फुले आणि पाणी उकळतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते. तिथे आधीच चंदनतेल असते. ते सावकाश उडते, म्हणून फुलांचा चंचल गंध धरून ठेवते. पुढे अत्तर कातडी कुप्पीत भरतात: उरलेली ओल कातड्यातून निघून जाते, तेल राहते.

४/ संग्रह करणाऱ्यांनी म्हणूनच नुसता फाया हुंगून निवड करू नये. मनगटावर लावावे, तासाभराने पुन्हा पाहावे. फूल ओसरल्यावर उरतो तो खरा तळ. कुपी लहान, काठोकाठ भरलेली, घट्ट बुचाची असावी आणि उजेडापासून दूर ठेवावी.

५/ आपल्याकडे पेशवे दरबारात अत्तरगुलाब आणि विडे झाले, की पाहुण्यांनी निरोप घ्यावा.