मुक्काम: आधी दार, मग दर

१/ चैत्र पौर्णिमेला धाराशिव जिल्ह्यातील येरमाळ्यात येडेश्वरीची यात्रा भरते. बाहेरगावचा यात्रेकरू प्रथम मुक्काम शोधतो आणि दर विचारतो. एकेकाळी अनेकांना त्याआधीचा प्रश्न पडे: दार उघडेल का?

२/ सन १९१७. परदेशात शिकून आलेले भीमराव आंबेडकर बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू होण्यास आले. अस्पृश्य म्हणून हिंदू खाणावळीत जागा मिळणे अशक्य. एक पारशी विश्रामगृह सापडले. जेवणासह रोजचा दर दीड रुपया. मात्र तेथे प्रवेश केवळ पारशांना. अखेर नोंदवहीत पारशी नाव लिहून ते राहिले.

३/ अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले पारशी दारात उभे ठाकले. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला. एक हिंदू व एक ख्रिस्ती, अशा दोन मित्रांकडेही आसरा मिळाला नाही. आंबेडकर मुंबईला परतले.

४/ पंढरपुरात गाडगेबाबांनी अस्पृश्य वारकऱ्यांसाठी चोखामेळा धर्मशाळा उभारली. १९४९ मध्ये त्यांनी ती विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली.

५/ २६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आले. अनुच्छेद १५ नुसार धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणालाही हॉटेलात प्रवेश नाकारता येत नाही. मसुदा समितीच्या अध्यक्षस्थानी होता बडोद्यातून बेघर झालेला तोच प्रवासी.

६/ येरमाळ्याच्या वाटेवर लॉजच्या पाटीवरील दर आज आधी वाचता येतो. त्या साध्या सवयीमागे हा इतिहास आहे.