टेबल तेच, नियम वेगळे

गोव्यातला माणूस कलबुर्गी जिल्ह्यात जातो तो बहुतकरून गाणगापूरसाठी. भीमा-अमरजा संगमावर स्नान, निर्गुण पादुकांचे दर्शन, माधुकरी, आणि परतीची गाडी. पण त्या जिल्ह्याचा एक तुकडा आपल्यापैकी अनेकांच्या घरात कायमचा मुक्कामाला आहे, याकडे लक्ष जात नाही. आपल्या जुन्या घरांच्या जमिनीवर, न्हाणीघरात आणि ओट्यावर जी करडी शहाबादी फरशी दिसते, तिला नाव दिले ते कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबाद गावाने. भीमेच्या खोऱ्यातला हा चुनखडीचा दगड थराथरांनी सुटतो, आणि थराने सुटणारा दगड सपाट असतो.

सपाट दगडावरून आठवण होते ती बिलियर्ड्सच्या टेबलाची. त्या हिरव्या कापडाखाली लाकूड असते असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात तिथे पाटीचा दगड असतो, तोही शहाबादीसारखाच थराने सुटणारा, पण जातीने वेगळा. मोठ्या स्नूकर टेबलाखाली अशा पाच लाद्या एकमेकींना जोडून पाण्याच्या पातळीत बसवतात. टेबलाचे वजन टनावर जाते ते त्यामुळे. जगात कुठेही जा, कापडाखाली दगड आहेच. बदलतात ते त्यावरचे नियम. आणि दगड तोच, नियम मात्र वेगळे, हा अनुभव ज्यांनी खेळात नव्हे तर जगण्यात घेतला, त्यांची गाठ आपल्याला पुन्हा बीदर-कलबुर्गीतच पडते. पण तिकडे जाण्याआधी थोडे टेबलाविषयी.

आपल्या तारवट्यांना हे टेबल परके नाही. बोट बंदराला लागली की खलाशांसाठी चालवलेल्या केंद्रात चहा, टेलिफोन आणि बहुधा एक पूलचे टेबल असतेच. लंडनच्या बाजूला नोकरीसाठी गेलेल्या गोवेकराला ते पबमध्ये भेटते, अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलाला विद्यापीठाच्या वसतिगृहात, आखातात कंपनीच्या कॅम्पात. घरी चार वर्षे क्लबात खेळून हात बसलेला मुलगा तिथे दांडा उचलतो आणि पहिल्याच डावात त्याला कळेनासे होते की आपण चुकलो कुठे.

चूक त्याच्या हातात नसते. आपल्याकडच्या जुन्या क्लबांतले इंग्रजी टेबल बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद. अमेरिकन स्पर्धेचे पूल टेबल नऊ फुटी, बारमधले सात फुटी. स्नूकरचा बॉल साडेबावन्न मिलिमीटर व्यासाचा, अमेरिकन पूलचा सत्तावन्नाहून थोडा अधिक आणि हाताला चांगलाच जड. स्नूकरच्या खिशाच्या तोंडाशी कडा गोल वळवलेल्या असतात. नेम जरा चुकला की बॉल त्या गोलाईला लागून बाहेर येतो. अमेरिकन खिशाच्या कडा सरळ कापलेल्या आणि तोंड रुंद. कापडही वेगळे. इंग्रजी टेबलाच्या कापडाला मखमलीसारखी लव असते आणि ती एकाच दिशेला निजलेली असते. त्यामुळे हळू चाललेला बॉल शेवटी शेवटी त्या लवेच्या कलाने किंचित सरकतो. अमेरिकन कापडाला लव नसते, बॉल सुसाट पळतो. पाऊण दमाने मारायची सवय असलेल्या माणसाचा पांढरा बॉल तिथे टेबलभर फिरून नको तिथे जाऊन थांबतो. रशियात गेलात तर आणखी गंमत: टेबल बारा फुटी, बॉल अडुसष्ट मिलिमीटरचे, आणि खिशाचे तोंड बॉलपेक्षा जेमतेम काही मिलिमीटर रुंद. तिथल्या एका प्रकारात तर टेबलावरचा कोणताही बॉल मारायला घेता येतो. पांढऱ्याला काही विशेष मान नाही!

पण टेबलापेक्षा घोटाळा होतो तो नियमांत, आणि त्यातही गुन्ह्याला शिक्षा काय या प्रश्नावर. स्नूकरमध्ये फाउल झाला तर समोरच्याला किमान चार गुण मिळतात आणि बॉल आहे तिथूनच खेळ पुढे चालतो. पांढरा बॉल खिशात किंवा टेबलाबाहेर गेला तरच तो हातात येतो, आणि तेव्हाही टेबलाच्या एका टोकाला आखलेल्या अर्धवर्तुळातच ठेवावा लागतो. इंग्लंडच्या पबमध्ये जुना रिवाज असा की फाउल केलात तर समोरच्याला लागोपाठ दोन फटके. अमेरिकेत स्पर्धेच्या नियमाने पांढरा बॉल उचलून टेबलावर वाटेल तिथे ठेवायचा. एकच चूक, तीन देशांत तीन शिक्षा. काळा बॉल कोणत्या खिशात घालणार हे आधी बोलून दाखवायचे की नाही, याचाही रिवाज बारागणिक निराळा. आंतरराष्ट्रीय संघटनेने पूलचे प्रमाण नियम छापून ठेवले आहेत, पण बारमधल्या टेबलापर्यंत ते क्वचितच पोहोचतात. आम्हा सरकारी कारकुनांना हे नवे नाही. परिपत्रक सचिवालयातून निघते, तालुक्याला पोहोचेपर्यंत तिथला रिवाज पुढे निघून गेलेला असतो.

आता हा खेळ मुळात कोणाचा, असे विचाराल तर उत्तर गमतीचे आहे. स्नूकर म्हटले की धुकट इंग्लंड डोळ्यांपुढे येते. पण तो जन्मला जबलपूरला, १८७५ साली, लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये. १८१७ पर्यंत हेच जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होते. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने आधीच्या एका पूलच्या खेळात निराळ्या रंगांचे बॉल वाढवले. वुलिचच्या लष्करी शाळेतल्या नवशिक्या मुलांना चिडवायचा ‘स्नूकर’ हा शब्द त्याने खेळाला चिकटवला. पुढे १८८२ साली उटीच्या क्लबात नियम लिहून भिंतीवर लावले गेले. इंग्लंडमधल्या बिलियर्ड्स असोसिएशनचे अधिकृत नियम आले ते १९०० साली. म्हणजे नियम आपल्या डोंगरावरून तिकडे गेले आणि शिक्का बसून तिकडून परत आले.

आपल्या किनाऱ्याची गोष्ट याहून जुनी आहे. पाच कंगोऱ्यांचे आंबट करमल आपण मीठ लावून खातो. मराठीत त्याला करंबळ म्हणतात. पोर्तुगीजांनी त्याचे ‘कारांबोला’ केले. गार्सिया द ओर्ताच्या १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात त्या फळाची चर्चा आहे, आणि पोर्तुगीज शब्द मराठी करंबळावरून आला असे कोशकार मानतात. युरोपात बिनखिशांच्या टेबलावर तीन बॉलांनी खेळतात त्या बिलियर्ड्समधल्या लाल बॉललाही ‘कारांबोल’ हेच नाव पडले. फळाचे नाव बॉलला मिळाले असे एक मत आहे, सर्वांना ते मान्य नाही. पण ‘कारांबोल’चे इंग्रजीत ‘कॅरम’ झाले हे नक्की. आपल्या ओसरीवरच्या कॅरमचे नाव त्याच घराण्यातले दिसते. स्नूकर हा शब्दही असाच हिंडला. ब्राझीलमध्ये तो ‘सिनुका’ झाला, आणि पोर्तुगालमध्ये तर बोलीत पूललाच ‘स्नूकर’ म्हणतात. तेव्हा लिस्बनला गेलेल्या आपल्या माणसाने स्नूकरचे आमंत्रण स्वीकारताना आधी टेबल पाहून घ्यावे.

परक्या टेबलावर जाऊन जिंकलेली आपली माणसेही आहेत. विल्सन जोन्स यांचा जन्म पुण्याचा, १९२२ सालचा. १९५८ साली कलकत्त्याला हौशी बिलियर्ड्सचे जागतिक अजिंक्यपद त्यांनी मिळवले. कोणत्याही खेळात वैयक्तिक जागतिक अजिंक्यपद मिळवणारे ते पहिले भारतीय. घरच्या टेबलावर जिंकला, असे कोणी म्हणू नये म्हणूनच की काय, १९६४ साली त्यांनी न्यूझीलंडमधल्या पुकेकोहे गावी तोच मान पुन्हा मिळवला. मुंबईच्या मायकल फरेरांनी १९७७, १९८१ आणि १९८३ साली तो मिळवला. आणि पुण्यातच १९८५ साली जन्मलेला, बंगळुरात वाढलेला पंकज अडवाणी २००३ साली चीनमध्ये स्नूकरचा जगज्जेता झाला. २००५ साली माल्टात त्याने बिलियर्ड्सची दोन्ही अजिंक्यपदे एकाच वर्षी घेतली: एक ठरावीक गुणांच्या डावांचे, दुसरे ठरावीक वेळेचे. टेबल एकच, बॉल तीनच. पण गुणांच्या डावात घाई लागते, वेळेच्या सामन्यात धीर. एकाच खेळाची ही दोन व्याकरणे ज्याला अवगत झाली, त्याला तिसरा देश फार परका वाटत नसावा.

चांगल्या खेळाडूसाठी नियमच बदलावा लागल्याचीही उदाहरणे आहेत. ऑस्ट्रेलियाच्या वॉल्टर लिंड्रमने १९३२ साली लंडनमध्ये एकाच खेपेला ४१३७ गुण केले. प्रेक्षक कंटाळतील आणि समोरचा खुर्चीत बसून म्हातारा होईल, या भीतीने मग नियम आवळले गेले. नियम देवाने दिलेले नसतात, हे यातून दिसते. कोणी तरी, कधी तरी, काही कारणाने ते केलेले असतात.

आता बीदर-कलबुर्गीकडे येऊ. १९४८ पर्यंत हे जिल्हे निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याच्या राजधानीत फलकनुमा राजवाड्यात बरोज अँड वॉट्स या विलायती कंपनीचे नामांकित बिलियर्ड्स टेबल आहे. कलबुर्गी जिल्ह्यातले वाडी जंक्शन हे मुंबईकडच्या रेल्वेला निजामाची रेल्वे मिळण्याचे ठिकाण. वाडी ते सिकंदराबाद मार्ग १८७४ साली सुरू झाला. सामान्य रयतेच्या वाट्याला ते टेबल आले नाही, पण नियम बदलण्याचा खेळ मात्र तिला सक्तीने खेळावा लागला.

भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद या भागात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. निजामाच्या काळात कचेरीची भाषा उर्दू. शिकायचे तर उर्दूत, अर्ज लिहायचा तर उर्दूत. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि राज्य गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तुकडे झाले तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, काही भाग आंध्रात, आणि भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात. एका आयुष्यात कचेरीची भाषा दोनदा बदलली. निलंग्याची लेक भालकीत दिलेली असली तर माहेर एका राज्यात, सासर दुसऱ्यात. आजोबा उर्दूत सही करणारे, वडील घरात मराठी आणि बाजारात कानडी बोलणारे, नातू कानडी शाळेतला. ही माणसे परदेशी गेली नाहीत. ती बसल्या जागी बसून राहिली, आणि नियम प्रवास करीत त्यांच्याकडे आले.

गोवेकराला हे वेगळे समजावून सांगायला नको. १९ डिसेंबर १९६१ नंतर आमच्या कचेऱ्यांतही हेच झाले. पोर्तुगीजमध्ये टिपण लिहिणारे कारकून इंग्रजीत लिहू लागले. पोर्तुगीज नागरी कायद्यातला कुटुंबाविषयीचा भाग मात्र गोव्यात आजही लागू आहे. म्हणजे टेबल नवे झाले तरी एक कोपरा जुन्या नियमाने खेळायचा. मुंबई-पुण्याहून आलेल्या पाहुण्याला ते समजावताना आपली तारांबळ उडते.

या सरहद्दीने नुसते सोसले नाही, त्यातून काही घडवलेही. हुमनाबादजवळ माणिकनगरला माणिकप्रभूंनी मराठीत, कानडीत आणि उर्दू-हिंदीत पदे रचली. ज्याला जी भाषा कळते तीत त्याच्याशी बोलावे, एवढा साधा विचार. त्याच्याही आधी, १४६९ नंतरच्या दोनतीन वर्षांत, अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी बीदरला राहिला होता. वाटेत लुटारूंनी त्याची धर्माची पुस्तके नेली, तेव्हा सणांच्या तिथ्या अंदाजाने धरून तो उपास करी. जुन्नरला तिथल्या खानाने त्याचा घोडा अडकवून धर्म बदलण्याची अट घातली. घोडा सुटला, धर्मही राहिला. लोकांत मिसळायला त्याने नाव, पोशाख, बोली बदलली, मनातला हिशेब मात्र स्वतःचा ठेवला. त्याच सुमारास, १४७२ साली, बीदरचा वजीर महमूद गावान आपला गोवा घेत होता.

निकितिनने केले तेच परक्या टेबलावर करावे लागते. तिथला रिवाज पाळायचा, पण आपला हात विसरायचा नाही. जाणत्या खेळाडूंकडून याची रीतही ऐकायला मिळते. पहिला डाव पैजेवर खेळू नये. आधी दोन-चार फटके हळू मारून कापड किती धावते, कडा किती उसळते ते पाहावे. आणि डाव मांडण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: फाउल झाला तर काय, खिसा आधी सांगायचा का, आणि काळा बॉल कसा घालायचा. काही बारांत हरणाऱ्याने टेबल सोडायचे आणि टेबलाच्या कडेवर नाणे ठेवून बसलेल्याने पुढे यायचे असा क्रम असतो. तो मोडला तर भांडण नियमावरून होत नाही, मानावरून होते. परदेशी बंदरात, रात्रीच्या वेळी, कमाईचे पैसे खिशात असताना तसले भांडण ओढवून घेणे परवडत नाही.

‘आमच्याकडे असे नसते’ हे वाक्य परक्या टेबलापाशी निरुपयोगी आहे. ‘तुमच्याकडे कसे असते?’ हे विचारणाऱ्याला शेजारचा माणूस बहुधा आपणहून शिकवतो. भालकीच्या बाजारात तीन भाषांत भाव करणारी बाई हे कोणत्याही क्लबात न जाता शिकलेली असते. नियम कोणी केला हे तिला विचारायला वेळ नसतो. तो समजून घेऊन डाव मात्र ती स्वतःचाच खेळते.