गप्प राहिलात तर काही होणार नाही

मिल्टन कीन्समध्ये राहणाऱ्यांना विलन तळ्याकाठचा पांढरा शांतिस्तूप ठाऊक असतोच. जपानी बौद्ध भिक्खूंनी तो १९८० साली उभारला. आपणही गणपतीत हॉल भाड्याने घेतो, ताशे वाजवतो, आणि भीती असलीच तर शेजाऱ्याच्या तक्रारीची. याच देशात धर्मासाठी आश्रय मागणाऱ्या अनेकांना मात्र सरकारकडून एक विचित्र उत्तर मिळे: परत जा, धर्म खुशाल पाळा, फक्त गाजावाजा करू नका.

पाकिस्तानातल्या अहमदियांचं उदाहरण घ्या. १९७४ च्या घटनादुरुस्तीने त्यांना बिगर-मुस्लिम ठरवलं. १९८४ च्या वटहुकमाने दंडसंहितेत २९८-बी आणि २९८-सी ही कलमं आली. अहमदियाने स्वतःला मुसलमान म्हणवणं, प्रार्थनास्थळाला मशीद म्हणणं, अजान देणं, धर्मप्रसार करणं हे सगळं गुन्हा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद. त्याच वर्षी त्यांचे चौथे खलिफा लंडनला आले, आणि अनुयायीही येत राहिले. अर्ज नाकारताना तर्क असा असे: कायदा उघडपणे वागणाऱ्याला पकडतो, तुम्ही गप्प राहू शकता, मग छळ कुठला आणि निर्वासित कसले? ऐकायला अगदी बिनतोड.

पण हा तर्क तुम्ही गोव्याला लावून बघा. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी देवळं पाडायला सुरुवात केली तेव्हा कुशस्थळीचा मंगेश आणि केळोशीची शांतादुर्गा भक्तांनी नदीपलीकडे, आदिलशाहीतल्या अंत्रुज महालात नेली. म्हणून आज आपण दर्शनाला म्हार्दोळजवळ मंगेशीला आणि कवळ्याला जातो. त्या माणसांना ‘घरात गुपचूप पूजा करा’ असं कोणी सांगितलं असतं तर? तेही फार दिवस चाललं नसतं. इन्क्विझिशनच्या १७३६ च्या हुकूमनाम्याने घरी तुळस लावायलासुद्धा मनाई केली. उंबऱ्याबाहेरची बंदी पुढे उंबरा ओलांडून आत आली.

इंग्लंडमध्ये १९९३ च्या कायद्याने नकार मिळालेल्यांना इथेच राहून अपील करण्याचा हक्क दिला आणि हा वाद न्यायाधिकरणांपुढे वर्षानुवर्षं चालला. कलाटणी मिळाली ती धर्माच्या नव्हे, समलैंगिक पुरुषांच्या खटल्यात. जुलै २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने इराण आणि कॅमेरूनच्या दोघांबाबत सांगितलं की छळाच्या भीतीने ओळख लपवावी लागत असेल, तर ती लपवता येते हे संरक्षण नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही. पोटमाळ्यावर लपलेल्या अ‍ॅन फ्रँकचं उदाहरणही या निकालात आलं. सप्टेंबर २०१२ मध्ये युरोपीय न्यायालयाने जर्मनीत आलेल्या दोन पाकिस्तानी अहमदियांच्या प्रकरणात धर्माबद्दल हेच म्हटलं. त्याच नोव्हेंबरात इथल्या अपर ट्रायब्युनलने जुनं मार्गदर्शन बाजूला सारून नवं दिलं: त्या कलमांची बंधनं झुगारून उघडपणे धर्म पाळणं ज्याच्या धार्मिक ओळखीचा महत्त्वाचा भाग आहे, त्याला ‘टाळा’ असं सांगता येणार नाही.

निकाल मोठाच. पण त्यातली खोच पाहा. कोणी आपण होऊन, स्वभावाने किंवा घरच्यांच्या संकोचाने शांत राहत असेल, तर त्याला हे संरक्षण नाही. म्हणजे न्यायाधीशाला माणसाच्या मनात शिरून विचारावं लागतं, तू गप्प का होतास? भीतीने की सवयीने? आयुष्यभर भीतीत वाढलेल्या माणसाला यातला फरक स्वतःला तरी सांगता येईल का, मला शंका आहे.

आणि पुरावा द्यायचा कितपत? १९८७ पासून हाउस ऑफ लॉर्ड्सच्या निकालामुळे छळाची ‘वाजवी शक्यता’ दाखवणं पुरेसं होतं. २०२२ च्या कायद्याने हे दोन पायऱ्यांत विभागलं. त्या वर्षी २८ जूनपासून आलेल्या अर्जांत आपण खरंच त्या धर्माचे आहोत आणि खरंच घाबरतो, हे अर्जदाराला दिवाणी दाव्याच्या मापाने, म्हणजे ‘नसण्यापेक्षा असण्याची शक्यता जास्त’ इतपत, सिद्ध करावं लागतं. परतल्यावरच्या धोक्याला मात्र जुनंच सौम्य माप आहे. पहिल्याच पायरीवर जो अडला, त्याचा धोका मोजायची वेळच येत नाही.