एकच पेपर, दोनदा परीक्षा

आता आपण अमेरिकेतल्या ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ परीक्षांकडे येऊ. शाळेतच कॉलेजच्या पातळीचा विषय शिकायचा आणि त्याची परीक्षा द्यायची, ही योजना १९५०च्या दशकात आली. आखणीत पुढे होत्या त्या नामांकित शाळा आणि विद्यापीठं.

१९८२ साली पूर्व लॉस एंजेलिसच्या गारफील्ड हायस्कूलमधली १८ मुलं कॅल्क्युलसमध्ये पास झाली. बहुतेक मेक्सिकन वंशाची, कष्टकरी घरांतली. शिक्षक बोलिव्हियाहून आलेले हाइमे एस्कलांते. परीक्षा घेणाऱ्या संस्थेला १४ जणांच्या उत्तरांत सारखेपणा दिसला आणि कॉपीचा संशय आला. त्यातल्या १२ जणांनी पुन्हा परीक्षा दिली. बाराच्या बारा पास!

म्हणजे बघा, पेपर सगळ्या देशाला एकच होता. आपली लायकी मात्र या मुलांना दोनदा सिद्ध करावी लागली.