रूलेटवर उभं राहिलेलं गाव

बाडेन-बाडेनला लोक गरम पाण्यासाठी जातात, असं श्टुटगार्टला आमच्या लेकीने सांगितलं होतं. पण मी नोकरीची सगळी वर्षं सहकारी बँकेत सोनेतारणाच्या टेबलावर काढली. त्या गावाचा इतिहास वाचायला घेतला तर मला पाण्याआधी पैसाच दिसला.

महामार्गाने गेलो असतो तर लवकर पोचलो असतो. पण हे सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, त्यांना घाटरस्ता हवा होता. म्हणून फ्रॉयडनश्टाटला वर चढून ब्लॅक फॉरेस्टच्या माथ्यावरचा बी-५०० धरला. फ्रॉयडनश्टाट १५९९ साली व्युर्टेम्बर्गच्या ड्यूक फ्रीडरिशने वसवलं. मधोमध राजवाडा बांधायचा म्हणून एवढा मोठा चौक सोडला, आणि राजवाडा काही झालाच नाही. सरकारी कामं तिथेही अशीच, म्हणून ह्यांना बरं वाटलं.

तिथून बाडेन-बाडेन साधारण ६० किलोमीटर. डाव्या हाताला जंगल जरा उघडलं की खाली ऱ्हाइनचं सपाट खोरं आणि पलीकडे फ्रान्सचे डोंगर दिसतात. डोंगरावरच्या आरोग्यधामांना आणि हॉटेलांना जोडत १९३०च्या दशकात हा रस्ता आकाराला आला. सीमा इतकी जवळ, त्यामुळे लष्कराचंही त्यावर लक्ष होतं. आता त्यांतली कितीतरी हॉटेलं बंद आहेत, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. मध्येच एका उतारावर झाडं कोवळी, एकाच उंचीची दिसली. २६ डिसेंबर १९९९च्या ‘लोथार’ वादळाने इथलं जंगल आडवं केलं होतं, त्यानंतर उगवलेली ती पिढी. हे मात्र वळणांचा उतार आणि पाण्याचा निचरा बघण्यात गुंग. “अहो, गाडी तुम्ही चालवताय,” असं मला दोनदा म्हणावं लागलं.

गावातलं पाणी खरंच गरम आहे. फ्लोरेंटिनरबेर्ग टेकडीतून ते ६८ अंशांपर्यंत तापून येतं, खारट लागतं. रोमनांनी इथे स्नानगृहं बांधली होती, त्यांचे अवशेष जमिनीखाली बघायला मिळतात. एवढं सगळं असूनही १६८९ साली फ्रेंच सैन्याने जाळल्यावर गाव बराच काळ मागे पडलं. पाणी तेव्हाही वाहतच होतं. नशीब पालटलं ते १८३८च्या सुमाराला, आणि तेही पॅरिसमधल्या एका कायद्यामुळे. १८३७ संपता संपता फ्रान्सने जुगारघरं बंद केली. तिथला बडा ठेकेदार झाक बेनाझे सीमा ओलांडून इथे आला आणि त्याने कुरहाउसमधल्या, म्हणजे गावच्या करमणूकगृहातल्या, जुगाराचा मक्ता घेतला. त्याचा मुलगा एदुआर तर बापाच्या पुढे गेला. १८५५ला झुंबरांची नवी दालनं, १८५८ला इफेत्सहाइमचं घोड्यांच्या शर्यतींचं मैदान, १८६२ला थिएटर. त्याच्या उद्घाटनाला बेर्लिओझकडून खास ऑपेरा लिहवून घेतला. पाहुण्याने टेबलावर ठेवलेली नाणी गावात अशी फिरत होती.

ती नाणी कुठून येत, ते रशियन कादंबरीकार दस्तयेवस्कीची बायको आन्ना हिच्या लघुलिपीतल्या डायरीत आहे. १८६७च्या उन्हाळ्यात हे नवं जोडपं इथे आलं, तेव्हा ती विशीची, पोटुशी, आणि तो पंचेचाळिशीचा. आदल्याच वर्षी त्याने ‘जुगारी’ ही कादंबरी तिला तोंडी सांगून २६ दिवसांत लिहवून घेतली होती, म्हणजे नवऱ्याचं दुखणं तिला अक्षरन् अक्षर ठाऊक होतं. खोली घेतली ती लोहाराच्या भट्टीवर, भल्या पहाटे ठोकाठोक सुरू. तो कुरहाउसमधून हरून परत यायचा आणि तिची एकेक वस्तू गहाण पडायची: लग्नातली कर्णफुलं, ब्रोच, मग अंगठ्या, मग कपडे. आमच्या टेबलावर हा क्रम मी ओळखायचे. दागिना पहिल्यांदा येतो तेव्हा बाई स्वतः येते, पुढच्या वेळी नवरा एकटाच पावती घेऊन उभा. ज्या घरात ते राहिले तिथे आज बाल्कनीत लेखकाचा अर्धपुतळा आहे. आन्नाचाही हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. १८७३ पासून त्याची पुस्तकं स्वतः छापून आणि विकून तिने संसार सावरला.

पुढे जर्मनीतही बंदीची चाहूल लागली, आणि १८७२ संपताना चाकं थांबली. गावाचे कारभारी हुशार. बंदी येणार हे दिसताच १८६९ला त्यांनी फ्रीडरिशबाड या भव्य स्नानगृहाचं काम काढलं, १८७७ला ते उघडलं. रोमनांपासून वाहत असलेल्या पाण्याला हा राजेशाही घुमट मिळाला तो जुगार गेल्यावर. १९३३ला नाझी राजवटीने कसिनो पुन्हा चालू केला. परकीय चलन कुणाला नको असतं?

फ्रीडरिशबाडमध्ये अंगावर काही न घालता उतरायचं, अशी रीत. हे ऐकून आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता शेजारच्या काराकाला थेर्मेकडे वळलो. १९८५चं ते नवं स्नानगृह, तिथे पोहण्याचा पोशाख चालतो. दुसऱ्या दिवशी सकाळी, खेळ बंद असताना, तिकीट काढून कसिनोची दालनंही बघितली. ह्यांची नजर छताच्या नक्षीवर, माझी टेबलावरच्या आकड्यांवर. गाइड म्हणाला, संध्याकाळी या, छोट्या रकमेनेही खेळता येतं. हे लगेच माझ्याकडे बघायला लागले. पाकीट माझ्या पर्समध्ये होतं.