खिडकी इथे, घर तिथे

१९९७ च्या मे महिन्यात मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत कंत्राटी प्रोग्रामर होतो. तळमजल्यावरच्या वातानुकूलित खोलीत एक मोठे युनिक्स मशिन होते. पहिल्या मजल्यावर माझ्या टेबलावर होते एक्स टर्मिनल, म्हणजे पडदा, कीबोर्ड, माउस आणि आत चित्र रंगवण्यापुरती अक्कल. डिस्क नव्हतीच. सकाळी बटण दाबले की ते स्वतःचे सॉफ्टवेअरसुद्धा खालच्या मशिनकडून वायरीवरून मागवून घेई. त्या दिवशी साडेनऊला मी एक प्रोग्राम सुरू केला. तो खाली हिशेब करी आणि प्रत्येक टप्प्याला वर माझ्या पडद्यावर आलेखाची रेघ पुढे सरकवी. सव्वाचारला लाइट गेली.

यूपीएस फक्त खालच्या खोलीला होता. तरी मी निर्धास्त होतो. गणित खाली चालले होते, अंधार वर होता. चहा घेऊन येईपर्यंत पाचेक मिनिटांत लाइट आली, टर्मिनल उठले, मी लॉगिन केले आणि पाहतो तो प्रोग्राम गायब. पावणेसात तासांचे काम गेले. मशिनची देखभाल करणाऱ्या आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे मी तक्रार घेऊन गेलो. त्यांनी नोंदवही पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "अहो, लाइट गेली म्हणून नाही मेला तो. लाइट आली म्हणून मेला."

ही थट्टा नव्हती. अंधार असेपर्यंत खालच्या मशिनला वरची काहीच खबर नव्हती. उत्तर येत नाही म्हणून ते तीच पाकिटे थांबून थांबून पुन्हा पाठवत राहिले आणि तोवर प्रोग्राम जिवंत होता. मग टर्मिनल जागे झाले, पण कोऱ्या स्मृतीने. पहिलेच पाकीट आल्यावर त्याने इमानदारीत कळवले, की अशी कोणतीही जोडणी मला ठाऊक नाही. पडद्याशी नाते तुटले की प्रोग्रामने संपायचे, हा त्या व्यवस्थेचा रिवाज. त्याप्रमाणे तो संपला.

असा रिवाज का, हा प्रश्न मी त्या संध्याकाळी रागाने विचारला होता. पुढे राग गेला, प्रश्न राहिला, आणि त्याचा माग काढताना अमेरिकेतल्या एमआयटीपर्यंत जावे लागले.

एमआयटीत १९८३ च्या मे महिन्यात 'प्रोजेक्ट अथेना' सुरू झाला. विद्यार्थ्यांच्या रोजच्या शिक्षणात संगणक आणायचा हा हेतू, आणि आयबीएम व डिजिटल या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचा पाठिंबा. अडचण त्या पाठिंब्यातच होती. दोघांची यंत्रे वेगळी, पडदे वेगळे, आकडे साठवण्याची रीतही वेगळी. विद्यार्थ्याने मात्र आवारातल्या कुठल्याही पडद्यासमोर बसावे आणि आपले काम पुढे चालू करावे, अशी अपेक्षा.

त्याच संस्थेच्या संगणकशास्त्र प्रयोगशाळेत रॉबर्ट शाइफ्लर काम करत होते. बार्बरा लिस्कॉव्ह यांच्या गटात 'आर्गस' नावाची प्रणाली घडत होती. एकच काम अनेक यंत्रांवर विखरून चालवायचे, अशी तिची कल्पना होती. अशा विखुरलेल्या कामातल्या चुका शोधायच्या तर अनेक यंत्रांवरचे चित्र एका पडद्यावर शेजारी शेजारी दिसायला हवे. म्हणजे दूरच्या प्रोग्रामची खिडकी आपल्या पडद्यावर उघडणे ही शाइफ्लरांची चैन नव्हती, ती गरज होती. डिजिटल कंपनीचे जिम गेटिस तेव्हा अथेनात होते. त्यांची गरज निराळी होती, पण उत्तर तेच.

सुरुवात कोऱ्या पाटीवर झाली नाही. स्टॅनफर्डला पॉल असेंटे आणि ब्रायन रीड यांनी 'डब्ल्यू' नावाची खिडक्यांची प्रणाली केली होती. ती डेव्हिड चेरिटन यांच्या 'व्ही' या ऑपरेटिंग सिस्टिमवर चाले, आणि व्हीनंतर येणारे अक्षर म्हणून तिचे नाव डब्ल्यू. तिला युनिक्सवर आणलेली आवृत्ती एमआयटीत पोचली. १९ जून १९८४ ला शाइफ्लरांनी सहकाऱ्यांना ईमेलने कळवले, की दोन आठवडे खपून आपण एक खिडकी-प्रणाली लिहिली आहे, डब्ल्यूमधला बराचसा कोड उचलला आहे, आणि वेग सुमारे दुप्पट झाला आहे. नाव अर्थात पुढचे अक्षर, एक्स. उसनवारीची इतकी मोकळी कबुली संशोधनाच्या इतिहासात फार वेळा आढळत नाही.

वेग दुप्पट झाला त्यामागची युक्ती नीट पाहण्यासारखी आहे. डब्ल्यूत प्रोग्राम पडद्याला एक काम सांगे आणि ते झाल्याचा निरोप येईपर्यंत थांबे. पूर्वी पोस्टात जोडकार्ड मिळे, तसा हा प्रकार. प्रत्येक निरोपाला उत्तराचे कार्ड जोडलेले. शाइफ्लरांनी साधी पोस्टकार्डे वापरायला सुरुवात केली. रेघ काढ, अक्षर लिही, चौकोन भर, अशी कार्डे गठ्ठ्याने टाकायची आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या कामाला लागायचे. जोडकार्ड फक्त खरोखर काही विचारायचे असेल तेव्हाच.

ही शिस्त पुढे किती खोल गेली पाहा. नवी खिडकी उघडायची तर तिला क्रमांक हवा. तो पडद्याकडून मागितला तर पुन्हा वाट पाहणे आले. म्हणून पहिल्या भेटीतच पडदा प्रोग्रामला क्रमांकांचा एक पट्टा तोडून देतो, आणि त्यातला क्रमांक प्रोग्राम स्वतःच खिडकीला लावतो. भिन्न जातीच्या यंत्रांचा तिढाही पहिल्याच बाइटमध्ये सुटतो. काही यंत्रे आकड्यातला मोठा भाग आधी लिहितात, काही लहान भाग आधी. प्रोग्राम जोडणी करताना पहिले अक्षर मोठे 'बी' किंवा लहान 'एल' पाठवतो आणि त्यावरून त्याची रीत कळते. उलटापालट करण्याचे कष्ट पडद्याकडच्या बाजूने घ्यायचे. यजमानाने पाहुण्याच्या भाषेत बोलावे, तसे.

यजमान म्हटले खरे, पण इथेच शिकणाऱ्यांचा गोंधळ उडतो. सर्व्हर म्हणजे दूरचे मोठे मशिन, अशी आपली समजूत. एक्समध्ये सर्व्हर तुमच्या टेबलावर असतो आणि दूरच्या मशिनवरचा प्रोग्राम हा ग्राहक. पडदा, कीबोर्ड आणि माउस या सेवा पुरवतो तो सर्व्हर, अशी ती व्याख्या. वर्गात शिकवताना मी दर वर्षी यावर अर्धा तास घालवला आणि दर वर्षी परीक्षेत निम्म्यांनी उलटे लिहिले.

आवृत्त्या भराभर पालटल्या. सुरुवातीची एक आवृत्ती शुल्क घेऊन बाहेर दिली गेली होती, पण १९८५ च्या नवव्या आवृत्तीपासून कोड मुक्तपणे वाटायचा निर्णय झाला. कोणीही घ्यावा, बदलावा, विकावा, फक्त मूळ नामनिर्देश ठेवावा. माझ्या मते एक्सच्या यशात तंत्राइतकाच वाटा या निर्णयाचा आहे. कारण त्याच सुमारास सन कंपनीत जेम्स गॉस्लिंग आणि डेव्हिड रोझेन्थाल 'न्यूज' नावाची प्रणाली करत होते, आणि कल्पना म्हणून ती अधिक देखणी होती. एकेक रेघ पाठवण्याऐवजी पोस्टस्क्रिप्ट भाषेतला छोटा प्रोग्रामच पडद्याकडे पाठवायचा आणि बारीकसारीक कामे तिथेच उरकायची. आजची वेबपाने जवळपास हेच करतात. पण न्यूज एका कंपनीच्या मालकीची होती. १५ सप्टेंबर १९८७ ला एक्सची अकरावी आवृत्ती निघाली, जानेवारी १९८८ मध्ये शाइफ्लर यांच्या नेतृत्वाखाली कंपन्यांचा संघ उभा राहिला आणि स्पर्धा संपल्यात जमा झाली. तो अकराचा आकडा आजही बदललेला नाही.

या सगळ्यात एक गोष्ट गृहीत होती, ती म्हणजे आवारातली माणसे ओळखीची असतात. आमच्याकडे दूरचा प्रोग्राम पडद्यावर दिसेना की जो तो 'एक्सहोस्ट' ही आज्ञा देऊन पुढे अधिकचे चिन्ह टाकी. अर्थ असा, की कुठल्याही मशिनवरून कोणीही यावे. एका दुपारी खिडकी सरकवली तर तिच्याखालून झुरळे पळाली. शेजारच्या खोलीतल्या कोणीतरी 'एक्सरोच' नावाचा प्रोग्राम माझ्या पडद्यावर सोडला होता. सगळे हसले, मीही हसलो. घरी जाताना सायकलवर लक्षात आले, की ज्या दारातून झुरळे आली त्याच दारातून माझी प्रत्येक कळ वाचता येते, पासवर्डसकट. एकदा आत घेतलेल्या प्रोग्रामला दुसऱ्या प्रोग्रामच्या कळा ऐकायला एक्समध्ये मज्जाव नव्हता.

यावरचा व्यवहारी उपाय फिनलंडमधून आला. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात तारेवरून जाणारे पासवर्ड चोरले गेले, तेव्हा १९९५ मध्ये तातू उलोनेन यांनी एसएसएच लिहिले. त्यात एक्सच्या खिडक्यांसाठी बंदिस्त बोगद्याची सोय होती. दूरच्या मशिनवर एक खोटा पडदा उभा राहतो, प्रोग्राम त्यालाच खरा समजतो, आणि सगळी कार्डे कुलूपबंद थैलीतून आपल्याकडे येतात. झुरळांचे दार त्या वाटेने तरी बंद झाले.

अंतराला मात्र कुलूप नसते. त्या काळी संस्थेबाहेरची आमची जोडणी उपग्रहावरून होती. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचावर. प्रश्न वर जाऊन खाली उतरणार, उत्तर पुन्हा वर जाऊन खाली येणार, म्हणजे १,४४,००० किलोमीटर. प्रकाशालाही त्याला जवळपास अर्धा सेकंद लागतो. पोस्टकार्डांचे गठ्ठे असतील तर हे खपते. पण पुढच्या प्रोग्रामकारांनी शाइफ्लरांची शिस्त सोडली आणि जोडकार्डांचा सपाटा लावला. सुरू होतानाच शंभर प्रश्न विचारणाऱ्या प्रोग्रामची खिडकी उघडायला पन्नास सेकंद लागणार, हे तोंडी गणित आहे. १९९४ च्या 'युनिक्स-हेटर्स हँडबुक'मध्ये एक्सवर अख्खे प्रकरण खर्ची पडले आहे. त्यातला राग मला समजतो, जरी थोडा राग दुसऱ्या पत्त्यावर जायला हवा होता.

माझ्या त्या पावणेसात तासांचे उत्तरही इथेच मिळते. खिडक्या, रंग, अक्षरांचे ठसे या सगळ्यांची खरी नोंद पडद्याकडे असते. प्रोग्रामपाशी असतात ते नुसते क्रमांक. पडदा विसरला की ते क्रमांक कशाचे, हे सांगणारे कोणी उरत नाही. तरी नव्या पडद्यावर सगळे पुन्हा मांडणे अशक्य नव्हते. प्रत्येक प्रोग्रामकाराने ती तजवीज स्वतः करावी, एवढीच अपेक्षा होती, आणि मी ती केली नव्हती. हिशेब आणि आलेख मी एकाच प्रोग्रामात कोंबले होते. वेगळे ठेवले असते तर आलेख मेला असता आणि हिशेब वाचला असता. सहकाऱ्यांनी हे त्या दिवशी सांगितले नाही, आठवड्याने सांगितले.

२००८ मध्ये क्रिस्टियान होग्सबर्ग यांनी 'वेलँड' सुरू केले. त्यात पडदा आणि प्रोग्राम एकाच यंत्रावर आहेत असे धरले आहे, आणि एका खिडकीला दुसरीच्या कळा ऐकू येत नाहीत. २०२३ मध्ये रेड हॅटने पुढच्या मोठ्या आवृत्तीतून एक्सचा मूळ सर्व्हर काढण्याचे जाहीर केले. जुन्या प्रोग्रामांसाठी वेलँडच्या पोटात एक्सचे छोटे बिऱ्हाड ठेवले आहे. माझ्या लॅपटॉपवरही आता तेच आहे.

गेल्या ऑगस्टमध्ये एका रात्री मी बोस्टनमधल्या भाच्याच्या मशिनवर एसएसएचने गेलो. खाते त्यानेच उघडून दिले आहे. तिथे 'एक्सक्लॉक' सुरू केले. क्षणभराने माझ्या पडद्यावर काट्यांचे घड्याळ उघडले. भिंतीवर रात्रीचे साडेनऊ झाले होते. पडद्यावर दोन्ही काटे बारावर होते. प्रोग्राम तिकडचा, म्हणून दुपारही तिकडची. थोड्या वेळाने त्याचा फोन आला.

"मामा, माझ्या मशिनवर काय चालू केलंयस?"

"घड्याळ," मी म्हटले. "बंद करू नकोस. मी लॅपटॉप मिटला की मरेल आपोआप."