सहावा हिस्सा

कर देणाऱ्याला तो कितीही थोडा असला तरी जास्तच वाटतो, आणि घेणाऱ्याला कितीही मोठा असला तरी अपुराच पडतो. या दोघांच्या ओढाताणीत मध्ये एक लहानसा शब्द उभा आहे : वजावट. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला हा विषय जरा कोरडाच, असे कोणी म्हणेल. पण लक्ष्मीपूजनाच्या दिवशी चोपड्यांना हळदकुंकू वाहणाऱ्या समाजाला जमाखर्चाचे वावडे असण्याचे कारण नाही. शिवाय या वजावटीच्या इतिहासात आपल्याच घरातली लग्ने, मुलेबाळे, आजारपणे आणि मरणाची भीती दडलेली आहे.

आधी शब्दाचा अर्थ नीट पाहू. वजावट करातून होत नाही. ती प्राप्तीतून होते. वीस टक्के कराच्या टप्प्यात असलेल्या माणसाने हजार रुपये वजा दाखवले, तर त्याचे हजार वाचत नाहीत, दोनशे वाचतात. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे तेवढ्याच हजारांवर तीनशे वाचतात. आणि ज्याला करच लागत नाही त्याचे काहीच वाचत नाही. प्रत्यक्ष करातून जी रक्कम उणी होते ती निराळी. तिला रिबेट म्हणतात. हा भेद ध्यानात असावा, कारण पुढच्या कथेत तो पुन्हा आपल्याला भेटणार आहे.

१८५७ चा उठाव मोडला खरा, पण त्या खर्चाने इंग्रज सरकारचा खजिना रिता झाला. तो भरण्यासाठी विलायतेहून जेम्स विल्सन या गृहस्थांना पाठवण्यात आले. हे स्कॉटलंडमधल्या टोप्या बनवणाऱ्याच्या धंद्यातून वर आलेले. ‘इकॉनॉमिस्ट’ हे साप्ताहिक यांनीच काढलेले. १८६० साली त्यांनी हिंदुस्थानावर प्राप्तिकर बसवला. २४ जुलै १८६० ही त्या कायद्याची तारीख. वर्षाला दोनशे रुपयांच्या आत प्राप्ती असेल त्याला माफी. पाचशेच्या आत असेल त्याला शेकडा दोन. त्यावर असेल त्याला शेकडा चार. मद्रासचे गव्हर्नर ट्रेव्हेलियन यांनी या कराला उघड विरोध केला म्हणून त्यांना परत बोलावण्यात आले. आपल्याकडे ठाणे जिल्ह्यात वसईला त्याच वर्षी लोकांनी दंगा केला. विल्सनसाहेब मात्र हे सारे पाहायला फार दिवस राहिले नाहीत. कायदा होऊन तीन आठवडेही झाले नव्हते तोच ११ ऑगस्टला कलकत्त्यात त्यांचा अंत झाला.

आपला कर या देशाला परका नाही हे पटवण्यासाठी विल्सनसाहेबांनी भाषणात मनूचा दाखला दिला होता. दाखला मोठ्या चतुराईचा! राजाने धान्याचा आठवा, सहावा किंवा बारावा हिस्सा घ्यावा, असे मनुस्मृतीत आहेच. पण त्याच ग्रंथात कोणाकडून कर घेऊ नये याचीही यादी आहे. आंधळा, पांगळा, सत्तर वर्षांचा म्हातारा यांच्याकडून घेऊ नये, असे एके ठिकाणी म्हटले आहे. आणि दुसऱ्या ठिकाणी, राजा मरायला टेकला तरी वेदपाठी ब्राह्मणाकडून घेऊ नये, असेही म्हटले आहे. पहिल्या सवलतीत दया आहे. दुसरीत वशिला आहे. तेव्हापासून आजवर जगातल्या प्रत्येक करसवलतीची जात या दोहोंपैकी कुठलीतरी एक असते, आणि पुष्कळदा एकाच कलमात दोन्ही गुण्यागोविंदाने नांदतात.

विल्सनचा कर १८६५ त उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला. कायमचा बसला तो १८८६ च्या कायद्याने. त्या कायद्यात दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. शेतीची प्राप्ती करातून वगळली गेली. ती आजही केंद्राच्या प्राप्तिकराबाहेर आहे. दुसरी गोष्ट आयुर्विम्याची. आपल्या किंवा बायकोच्या आयुष्याचा विमा उतरवला, तर त्याच्या हप्त्यापोटी प्राप्तीच्या सहाव्या हिश्श्यापर्यंतची रक्कम करातून सुटू लागली. कल्पना विलायतेची, तिथे ग्लॅडस्टनने १८५३ साली विम्याला अशी सवलत दिली होती. पण आपल्या कानाला ‘सहावा हिस्सा’ हे शब्द काही निराळेच लागतात. ज्या षष्ठांशावर प्राचीन राजा हक्क सांगत असे, तेवढाच वाटा या परक्या राजाने विधवेसाठी आणि पोरक्या मुलांसाठी सोडला, असेच जणू वाटते.

या सवलतीचा लाभ तेव्हा कोणाला झाला? पाचशे रुपयांखालच्यांना करच नव्हता, म्हणून सवलतही नव्हती. लाभ झाला तो शहरातल्या पगारदार मंडळींना. मुंबईत १८७४ साली ओरिएंटल विमा कंपनी निघालीच होती. एकत्र कुटुंबाच्या आधारावर विसंबणारा कारकून हळूहळू मुंबईच्या चाळीत एकटा बिऱ्हाड करू लागला होता. त्याच्या मागे त्याच्या माणसांचे काय, हा प्रश्न गावात भावकी सोडवीत असे. चाळीत तो पॉलिसीने सोडवायचा होता. १९२२ च्या कायद्यानेही हा सहावा हिस्सा कायम ठेवला आणि विम्याच्या जोडीला त्यात प्रॉव्हिडंट फंडही धरला.

स्वराज्य आले आणि वजावटीने घराच्या माजघरात पाऊल टाकले. १९५५ च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी विवाहित आणि अविवाहित यांना वेगळे मोजले. तोवर दीड हजारांपर्यंत सर्वांनाच माफी होती. आता विवाहिताला दोन हजारांपर्यंत माफी आणि ब्रह्मचाऱ्याला एक हजारापर्यंतच! महाडजवळच्या नाते गावात जन्मलेल्या या विद्वान माणसाने पुढच्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. पण बोहल्यावर चढलेल्याला त्यांनी दिलेला हा आहेर फारसा कोणाला ठाऊक नाही. दोनतीन वर्षांतच मुलांसाठीही भत्ता मोजण्यात आला, तोही दोनच मुलांपर्यंत. सरकारच्या कागदावर कुटुंबाचे चित्र कसे रेखाटले जात होते ते यावरून दिसते.

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातली एक वजावट मला, शिक्षक म्हणून, फार लोभस वाटते. नोकरीच्या कामासाठी पुस्तके विकत घ्यावी लागत असतील, तर पाचशे रुपयांपर्यंतचा तो खर्च पगारातून वजा होत असे. १९७४ साली सरसकट प्रमाणित वजावट आली आणि पुस्तकांचे ते वेगळे कलम तिच्यात विरघळले. हिशेब सोपा झाला, हे खरे. पण मास्तरने पुस्तके विकत घ्यावीत असे कायद्याला वाटत होते, याची खूण पुसली गेली.

१९६८ पासून अंमलात आले ते प्रसिद्ध ८० सी कलम. विमा, प्रॉव्हिडंट फंड आणि पुढे कितीतरी प्रकारची बचत त्यात आली. त्याच वर्षी पब्लिक प्रॉव्हिडंट फंडही सुरू झाला. एक काळ असा होता की १९७३-७४ साली सगळ्यात वरच्या टप्प्यावरचा कर अधिभारासकट ९७.७५ टक्क्यांवर गेला होता. अशा दिवसांत श्रीमंताला वजावट म्हणजे अमृतच. एकाच कलमाने श्रीमंताला जास्त आणि मध्यमाला कमी द्यावे, ही गोष्ट पुढे सरकारलाही खुपली. १९९० च्या कायद्याने ८० सी जाऊन ८८ कलम आले. वजावटीच्या जागी रिबेट आले आणि बचतीच्या प्रत्येक रुपयावर सर्वांना सारखाच लाभ मिळू लागला. २००५ साली गाडे फिरले : ८० सी एक लाखाच्या मर्यादेने परत आले आणि प्रमाणित वजावट गेली. २०१४ साली ती मर्यादा दीड लाख झाली. २०१८ साली प्रमाणित वजावटही परतली. मधल्या काळात, १९८६ साली, आजारपणाच्या विम्यासाठी ८० डी आले होतेच.

या कलमांनी घरांना एक सवय लावली. फेब्रुवारी उजाडला की शिक्षकांच्या खोलीत पावत्यांची शोधाशोध सुरू होई. एक सहकारी दरसाल करवादून म्हणत, “कर वाचवायला म्हणून ही पॉलिसी, एरवी कोण भरतो!” ते अकाली गेले. त्यांच्या मुलीचे शिक्षण पुरे झाले ते त्याच पॉलिसीवर. कराचा कंटाळा करणाऱ्या बापाने अशी दूरदृष्टी दाखवली, आणि तीही कायद्याने मागे लागून दाखवायला लावली!

आता हे मागे लागणे संपत आले आहे. २०२० साली नवी करपद्धती आली, २०२३ पासून तीच मूळ धरली जाते. जुनी हवी असेल तर ती मागून घ्यावी लागते. नव्या पद्धतीत दर कमी. पगारदाराला पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट. २०२५ च्या अंदाजपत्रकापासून बारा लाखांपर्यंतच्या नेहमीच्या प्राप्तीवर रिबेटमुळे कर शून्य. पण विम्याची, फंडाची, औषधोपचाराच्या हप्त्याची ती जुनी कलमे तिथे नाहीत. १९६१ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदाही २०२५ साली संमत झाला. १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख. जुन्या पद्धतीसाठी ८० सी चा आशय त्यात १२३ व्या कलमात उतरला आहे.

यात न्याय आहे. ज्याच्यापाशी वाचवायला काही उरतच नाही, त्याला जुन्या वजावटी कधी फळल्या नाहीत. कमी दर त्यालाही मिळतो. पावत्या जमवण्याची आणि खोट्या पावत्या जोडण्याची कटकटही टळते. पण सहाव्या हिश्श्याची सवलत ज्या कारणासाठी निघाली, ते मरण आणि ते आजारपण कोणत्याही अंदाजपत्रकाने रद्द केलेले नाही. आजवर तो हिस्सा बाजूला काढायला सरकार लालूच दाखवीत होते. यापुढे तो काढायचा की नाही, हे कर्त्या माणसाने आणि घरच्या बाईने एकत्र बसून ठरवायचे आहे. या दिवाळीत चोपडीवर हळदकुंकू वाहून झाले की ते पान जरा उघडून पाहावे.